देवाला एकदाच विचारायचं

रसिकाचा पहिला प्रश्न सगळ्या घरांत एकच असे. "गावाच्या कारभारात तुमचा सहभाग किती आहे, असं तुम्हाला वाटतं? एक ते पाच आकड्यांत सांगा."

तुळसाला तिने तो विचारला तेव्हा तुळसा घरापुढच्या खळ्यात बसून कालवं काढायच्या आकडीला दगडावर धार लावत होती.

"सहभाग म्हणजे काय गो? वर्गणी?"

"वर्गणी नाही काकी. गावात काही ठरतं, तेव्हा तुमचं म्हणणं कोणी ऐकतं का?"

"माझा म्हणणा?" तुळसा इतकी हसली की आकडी बाजूला ठेवावी लागली. "माझा म्हणणा माझो घोव आयकत नाय होतो. तो गेलो. आता कोंबडी आयकतत, ती पण तांदूळ टाकलंय तर. लिव एक."

"एकच?"

"बरा, पुण्यासून इतक्या लांब इलंस, तर दोन लिव. तुझी परीक्षा आसा मां?"

परीक्षा नव्हती, पण तसंच काहीसं होतं. रसिका पुण्याच्या एका संस्थेत संशोधन करत होती. दोन गावं घ्यायची, एक केरळातलं, एक कोकणातलं. लोक ग्रामसभेला येतात का, बोलतात का, कचेऱ्या त्यांचं ऐकतात का, हे तराजूच्या दोन पारड्यांत घालून पाहायचं. केरळातलं पारडं भरून झालं होतं. तिथे बायका ताडपत्रीखाली गोल करून बसायच्या, रस्त्यावरच्या एका दिव्यासाठी हातवारे करून भांडायच्या, आणि रसिकाचे कागद भरत जायचे. आता ती मालवणच्या किनाऱ्यावर तारवळला आली होती. तुळसाच्या पडवीलगतच्या खोलीत तिने बिऱ्हाड केलं होतं, आणि इथले कागद कोरेच राहत होते.

तारवळ म्हणजे एका बाजूला सडा, कातळाचं उंच पठार, एका बाजूला खाडी, आणि मधे नारळीखालची घरं. घरांपासून खाडीच्या तोंडापर्यंत एक पायवाट जाते. दोन्हीकडे काजूच्या बागा, मधे चिऱ्याचे गडगे, आणि गडग्यांच्या मधून माणसाला डोक्यावर पाटी घेऊन जेमतेम जाता येईल एवढी वाट. सुकती लागली, पाणी उतरलं, की खाडीच्या तोंडाचे काळे खडक उघडे पडतात आणि त्यांना चिकटलेल्या शिंपांतली कालवं दिसू लागतात. पाणी परत चढेपर्यंत जेवढी काढली तेवढी आपली. म्हणून पाणी कधी सुटतं ते बायकांना अंगातच कळतं. चूल तशीच टाकून त्या त्या वाटेने पळत सुटतात. तुळसाच्या सासूने ह्याच कालवांवर चार पोरं वाढवली. तुळसाने दोन मुली उजवल्या. नवरा मुंबईच्या गोदीतून आजार घेऊन परत आला तेव्हाही घरात कालवांचं पाणी शिजतच होतं.

कालवं काढता काढता ती गुणगुणायची. रसिका एकदा तिच्यामागून खडकांवर गेली, घसरली, गुडघा फोडून घेतला, तेव्हा तिने ते ऐकलं.

"सर गे दर्याबाय, वायच सर मागे,
दगडाच्या पोटात माझा लेकरू जागे."

"हे कोणाचं गाणं काकी?"

"कोणाचा म्हणजे? तोंडाक इला ता. गुडघ्याक खारा पाणी लाव, रडतंस काय."

आता दोन्हीकडच्या काजूच्या बागा मुंबईत राहणाऱ्या वारसांनी विकल्या होत्या. एका कंपनीला तिथे पर्यटकांसाठी बंगल्या बांधायच्या होत्या, आणि ही वाट बरोबर मधून जात होती. कंपनीचं म्हणणं साधं होतं. वाट बंद करू द्या, आम्ही सड्यावरून फिरून नवा रस्ता देतो. नवा रस्ता चांगला डांबरी होणार होता. फक्त त्या रस्त्याने चालत खाडीवर पोचेपर्यंत पाणी परत चढायला लागलं असतं.

ही बातमी आली त्या आठवड्यातल्या सोमवारी गाव देवळात जमलं.

रसिकाला कोणी बोलावलं नव्हतं. तुळसा म्हणाली, "चल, रिकामी बसलंस तर," म्हणून ती गेली. रवळनाथाच्या देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. म्हातारे, तरणे, मुंबईहून आलेले चाकरमानी, तान्ही पोरं. सरपंच संचितासुद्धा पायऱ्यांवर बायकांत बसली होती. बायका पायऱ्यांच्या आत येत नाहीत, असा तिथला रिवाज. देवासमोर उभं राहून गाऱ्हाणं घालण्याचा मान भिकाजीतात्यांच्या घराण्याकडे. तात्या सत्तरीचे, काटक, आवाज मात्र नुकत्या घासलेल्या घंटेसारखा.

"बा देवा रवळनाथा! आज ही तुझी लेकरा तुझ्या पायाशी जमली हत!"

"व्हय म्हाराजा!" गाव एका गळ्याने म्हणालं.

"जी वाट बापजाद्यांनी तुडवल्यानी, जी तू रात्रंदिस राखलंस—"

"व्हय म्हाराजा!"

"त्या वाटेर आज कोणी आडो घालूक बघता आसा—"

"व्हय म्हाराजा!"

मागून कोणीतरी तरणा ओरडला, "तात्यानू, मोबायलची रेंज पण सांगा!"

"गप रे मेल्या," तात्या न वळताच म्हणाले. "एका टायमाक एकच. देव काय तुझ्यासारखो रिकामो आसा?"

देऊळ हसलं. मग तात्यांनी एकेकाला बोलतं केलं. कंपनीत पोरांना काम लागेल, असंही दोघे-तिघे म्हणाले. त्यांतला ओंकार सगळ्यांत मोठ्याने. त्याचा चिरे आणि वाळू पुरवण्याचा धंदा होता. त्याचंही तात्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्यांनी पायऱ्यांकडे पाहिलं.

"तुळसा. तू सांग गो, तुझा काय ता."

तुळसा उठली, पदर सारखा केला. "काय सांगू तात्यानू? वाट गेली तर पाणी माझ्यासाठी थांबूचा नाय. इतक्याच."

तात्यांनी ते देवाकडे वळून, घोळवून, आपल्या आवाजात सांगितलं. गाव "व्हय म्हाराजा" म्हणालं. मग तात्यांनी कौल लावला. देवाच्या पाषाणावर पाणी शिंपून फुलाच्या दोन पाकळ्या चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. "वाट रवतली आसात तर उजवी दी. जातली आसात तर डावी दी." सगळ्यांच्या माना वर झाल्या. समईची ज्योतसुद्धा उभी राहिली. आणि उजवी पाकळी ओल्या पाषाणावरून हळूच सुटून खाली आली.

नारळ फुटला. बायकांनी डोळे पुसले. तात्या गावाकडे वळले.

"देवान सांगल्यान. आता ह्या प्रश्नार गावात कोणी परत तोंड उघडूचा नाय. देवाक एकदाच विचारूचा. परत विचारला म्हणजे तुझ्यार इस्वास नाय, असा सांगणा."

ओंकारनेही मान खाली घालून तीर्थ घेतलं.

त्या रात्री रसिका कागद घेऊन बसली. प्रत्येक घर आलं होतं. विरोधात बोलणाऱ्याचंही ऐकलं गेलं होतं. बाई पायऱ्यांच्या आत जाऊ शकली नाही, पण तिचा शब्द आत गेला. हे सगळं कुठल्या रकान्यात घालायचं, ते तिला कळेना. शेवटी तिने समासात बारीक अक्षरात 'देऊळ' एवढंच लिहिलं.

थोड्याच दिवसांनी पंचायतीच्या फळ्यावर शाळेत भरणाऱ्या ग्रामसभेची सूचना लागली. विषयांत खालच्या बाजूला लिहिलं होतं, 'पर्यटन प्रकल्पालगतची पायवाट बंद करून पर्यायी रस्त्यास मान्यता देणे.'

रसिका धावतच घरी आली. तुळसा विळीवर खोबरं खवत होती.

"काकी, ग्रामसभेत वाटेचा विषय आहे. सगळ्यांनी जायला हवं."

"अगो, ता झाला मां देवळात?"

"देवळात झालं ते पंचायतीला कसं कळणार?"

"कळाक काय झाला? सरपंचीण माझ्या बाजूकच बसलली. परसादाचो तुकडो माझ्यापेक्षा मोठो घेतल्यान."

"कळलं असेल हो. पण कागदावर नाही ना ते. ग्रामसभेत जे होईल तेच धरतात. तिथे कोणी काही बोललं नाही तर सगळ्यांना मान्य आहे, असं समजतात."

तुळसाचा हात थांबला. तिने रसिकाकडे पाहिलं, जसं भलत्या वेळी दारात आलेल्या पाहुण्याकडे पाहावं.

"देवान वाट दिली. आता मी शाळेत जावन, हात वर करून, 'वाट होई, वाट होई' म्हणू? देव काय म्हणात? हिका मी दिलंय ता पुराक नाय?"

"देव रागावणार नाही काकी."

"तुका सांगल्यान तेणा?"

रसिकाने तात्यांना गाठलं. त्यांनी तिला बसवलं, कोकमाचं सरबत दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पोरी, तुझा मन मोठा. पण गावाक मी शब्द दिलंय, आणि गावान देवाक. शाळेत तो विषय निघालो तर आमी गप रवतलांव. गप रवणा म्हणजेच तेचो मान राखणा."

तिने पुण्याला आपल्या मार्गदर्शक सरांना फोन केला. सरांनी तिला सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "रसिका, तू तिथे पाहायला गेली आहेस. तू हात घातलास तर ते गाव राहणार नाही, तुझा प्रयोग होईल. आणि समज, घातलास. कोण येणार आहे तुझ्या सांगण्यावरून?"

त्यांचं म्हणणं खरं होतं. तरीही ती घराघरांत सांगत फिरली. प्रत्येक घरात तिला बसायला पाट मिळाला, चहा मिळाला. प्रत्येक घरात तिला सांगितलं गेलं, की ते झालंय.

ग्रामसभा शाळेत होती. ग्रामसेवक जितेंद्र घाटावरचा, तीन गावांचा कारभार मोटरसायकलवरून ओढणारा तरुण. त्याने बाकं मांडून ठेवली होती, सतरंजी घातली होती, पाण्याचा जारही आणला होता. माणसंच आली नाहीत. गणसंख्या भरेना. सभा तहकूब झाली.

"बघताय ना मॅडम," तो रसिकाला म्हणाला. "माझ्यावर वरून विचारणा येते, लोकसहभाग का नाही. मी काय लोकांना पकडून आणू? देवळात बोलवा म्हणावं, हजार येतील. इथे आले की अंगावर पाल पडते."

पुढच्या आठवड्यात तीच सभा पुन्हा भरली. तहकूब सभेला गणसंख्येची अट नसते, हे तेव्हा रसिकाला कळलं. ओंकार होता, त्याच्यासोबतचे चारपाच जण होते, संचिता अध्यक्षांच्या खुर्चीवर होती. पंखा फिरत होता. जितेंद्रने विषय वाचले. पाण्याची टाकी, मंजूर. अंगणवाडीचं छप्पर, मंजूर. मग तो विषय आला.

"कोणाचा काही आक्षेप?"

बाहेर शाळेच्या नळावर कोणी कळशी भरत होतं. तिचा आवाज भरत आला आणि थांबला.

"सूचक मी," ओंकार म्हणाला.

रसिका उभी राहिली. आपण उभ्या आहोत, हे तिला नंतर कळलं. "ह्याच विषयावर गाव देवळात जमलं होतं. सगळं गाव. त्यांनी वाट ठेवायची ठरवलीय. ओंकार, तुम्हीही होता. मॅडम, तुम्हीसुद्धा होतात."

ओंकार खाली पाहत हसला. "मी देवाक नाय म्हणूक नाय. देवाचा देवाकडे. हो पंचायतीचो विषय."

संचिताने टेबलावरची पाण्याची बाटली उचलली, पुन्हा ठेवली. "माझ्याच्यान बोलवत नाय गो," ती इतक्या हळू म्हणाली, की ते फक्त पुढच्या बाकापर्यंत आलं. "देवाक एकदा विचारल्यार मी परत कसा विचारू? मी पण हयचीच मां."

"मॅडम, तुम्ही इथल्या मतदार नाही," जितेंद्र रसिकाला म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, थोडी लाजच होती. "आणि धार्मिक ठिकाणी ठरलेलं मला इथे घेता येत नाही. मी ते कुठे लिहू? तुम्हीच सांगा. कुठे लिहू?"

रसिका खाली बसली. तिच्याही कागदांत ती जागा नव्हती.

ठराव सर्वानुमते मंजूर झाला.

गावाला तो कळला तो लोखंडी खांब आले तेव्हा. तुळसा पाटी घेऊन निघाली, तर वाटेच्या तोंडाशी दोन माणसं खड्डे खणत होती. ती त्यांना म्हणाली, "चुकलास रे, ही देवान दिलेली वाट." ती परप्रांतातली माणसं. त्यांनी तिला हात जोडले आणि खणत राहिली.

तुळसा परत आली ती सरळ रसिकाच्या दारात. "तू सांगी होतंस," एवढंच म्हणाली. ती ओरडली असती तर रसिकाला सोपं गेलं असतं.

दोघी सकाळच्या गाडीने जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला गेल्या. तुळसाने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, हातात पिशवी, पिशवीत कोणाला द्यावे लागले तर म्हणून चार नारळ. एका कचेरीतून दुसरीत, दुसरीतून वरच्या मजल्यावर. शेवटी ज्या साहेबांच्या टेबलाशी त्या पोचल्या ते पन्नाशीचे, डोळ्यांखाली काळी वर्तुळं असलेले. त्यांनी दोघींना खुर्च्या दिल्या.

तुळसा कचेरीतली भाषा बोलली, एकेक शब्द जपून. "साहेब, आमची वाट गेली. ती आम्हाला परत पाहिजे आहे."

साहेबांनी कागद मागवून पाहिले. "ग्रामसभेचा ठराव आहे. तुम्ही सभेला हजर होता का?"

"नाही."

"लेखी आक्षेप?"

"नाही, साहेब."

"मग तुमचा विरोध होता हे कशावरून?"

तुळसाने रसिकाकडे पाहिलं. मग साहेबांकडे पाहिलं, आणि कचेरीची भाषा तिच्या तोंडातून गळून पडली. "देवळात इचारलेला मां! उजवो कौल लागलो! सगळ्या गावान बघल्यान!"

साहेबांनी कागद मिटले. मग त्यांनी चष्मा काढला. "बाये," ते म्हणाले, आणि तेही आता वेगळ्याच आवाजात. "माझ्या गावात पण कौल लागतत. माझ्या लग्नाक घेतललो. माका कळता. पण मी हय काय लिवू? पाकळी पडली म्हणान?"

"लिवा."

"लिवलंय, तर उद्या दुसरो कोण येवन सांगतलो, माझ्या बाजून पाकळी पडली. मगे मी कोणाची पाकळी खरी धरू?" त्यांनी चष्मा परत लावला, आणि भाषाही. "एक मार्ग आहे. ग्रामसभेने केलेल्या ठरावाचा ग्रामसभा फेरविचार करू शकते. अर्ज द्या, विषय घ्यायला लावा, गाव गोळा करा. माणसं बसू द्या समोर आणि हात वर करू द्या. एवढं झालं की मी एक दिवस थांबणार नाही."

त्यांनी नारळ घेतले नाहीत. परतीच्या गाडीत तुळसा पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. "बरो माणूस," ती म्हणाली. "फक्त हात वर करूक सांगता."

अर्ज दिला गेला. फेरविचार पुढच्या सभेच्या विषयांत आला. आणि दोघी भिकाजीतात्यांकडे गेल्या.

तात्यांनी सगळं ऐकलं आणि त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. "हात वर करणा म्हणजे परत विचारणाच गो."

"मगे देवाकच विचारा तात्यानू," तुळसा म्हणाली. "वाटेचा नको. इतक्याच विचारा, हात वर करूक देतंस काय."

तात्या जागेवरून उठले. मग त्यांनी टोपी घातली.

पुन्हा देऊळ भरलं. ह्या वेळी कोणी थट्टा केली नाही. गाऱ्हाणं घालताना तात्यांचा आवाज मधेच तुटला, गावाने "व्हय म्हाराजा" म्हणून तो उचलून धरला. पाकळ्या लागल्या. देतंस तर उजवी, नाय देणस तर डावी.

एकही पाकळी पडली नाही.

तात्यांनी पाणी शिंपडलं. पुन्हा गाऱ्हाणं घातलं. देवा, चुकला माकला तर पदरात घे, लेकरांका कौल दी. दुपार झाली. पोरं भुकेने रडू लागली, आया त्यांना घेऊन उठल्या. ज्यांच्या गाई रानात होत्या ते उठले. जाणारा प्रत्येक जण देवाला हात जोडून, न बोलता, पाठ न दाखवता मागे मागे सरत जात होता. उन्हं गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत आली आणि परत निघाली. पायऱ्यांवर तुळसा, शेजारी रसिका. आत तात्या उभेच, एक हात खांबाला.

पाषाण वाळला. पाकळ्या वाळल्या, कडांनी मुडपल्या, तरी चिकटलेल्याच. शेवटी तात्यांनी त्या स्वतःच्या बोटांनी काढल्या.

"देव बोलूक नाय," ते पायऱ्यांशी येऊन म्हणाले. "हो म्हणाक नाय, नाय म्हणाक नाय. माझ्या जल्मात असा झाला नाय. आता मी गावाक काय सांगू?"

तुळसाने खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला. "तुमी जेवा जावन आधी," ती म्हणाली.

देव बोलला नाही, म्हणून गावही बोललं नाही. फेरविचाराच्या सभेच्या दिवशी नारळीखालची सगळी घरं दारं लोटून बसली. रसिका शाळेत पोचली तेव्हा जितेंद्र रिकाम्या सतरंजीच्या कडेला उभा होता. ओंकारसुद्धा आला नव्हता. त्याला यायची गरज नव्हती.

आणि तुळसा आली. तेच ठेवणीतलं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू. दाराशी चपला काढताना तिला चौकटीचा आधार घ्यावा लागला. ती सतरंजीच्या मधोमध जाऊन बसली. एवढ्या मोठ्या सतरंजीवर ती एकटी.

"काकी," रसिका तिच्याजवळ खाली बसली. "देवाने परवानगी दिली नव्हती ना?"

"नायव म्हणाक नाय मां." तुळसाचा चेहरा घामाने डवरला होता. "कोपलो तर माझ्यार कोपांदे. गावार नको."

तिने जितेंद्रकडे पाहिलं. "सांगा भाऊ. कधी करायचा हात वर?"

जितेंद्रने घड्याळ पाहिलं. दाराबाहेर जाऊन रस्त्यावर पाहिलं. आत आला. खुर्चीवर न बसता तो तुळसाच्या समोर सतरंजीवरच टेकला.

"काकी, फेरविचाराला पूर्ण गणसंख्या लागते. तहकूब करून घेता येत नाही. तसं वरून कळवलंय."

"म्हणजे?"

"ठराव करायला माणसं लागली नव्हती. मोडायला शंभर लागतात."

"आज किती झाली?"

त्याने रिकाम्या सतरंजीकडे पाहिलं. तुळसाने शाळेच्या भिंतींवरून नजर फिरवली, फळ्यावरची बाराखडी, खिडकीत ठेवलेली डस्टरं. मग आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. कालवांच्या शिंपांनी कापलेला, भरून आलेला, पुन्हा कापलेला हात. तिने तो उचलला, पूर्ण वर, खांद्यापासून सरळ.

"मी केलंय बघ," ती म्हणाली. "तू लिव नको. तुका त्रास नको."

कोणी मोजत नव्हतं तरी तो बराच वेळ वर राहिला. रसिकाने स्वतःचा हात मांडीखाली दाबून धरला होता. ती मतदार नव्हती.

पावसाळ्याआधी कुंपण पुरं झालं. बायका नव्या डांबरी रस्त्याने सड्यावरून जाऊ लागल्या. पहिल्या दिवशी पोचल्या तेव्हा पाणी खडकांच्या कमरेला आलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या आणखी लवकर निघाल्या, पण सड्याच्या चढावर तुळसाला धाप लागली आणि बाकीच्या तिच्यासाठी थांबल्या. काही दिवसांनी एकेकीने जायचं सोडलं. कोणी काजूच्या कारखान्यात वेंगुर्ल्याला गेली. कंपनीने कोणाला बंगल्यांची धुणी दिली. तात्यांनी देवळात गाऱ्हाणं घालायचं पुतण्याकडे सोपवलं, गुडघे दुखतात, असं सांगून.

रसिकाचं काम संपलं. तिच्या तक्त्यात दोन रकाने शेजारी शेजारी उभे राहिले. केरळातल्या गावापुढे 'उच्च' आणि तारवळपुढे 'अत्यल्प'. तिने समासातला मजकूर वाढवून टीप केली, टिपेचं पान केलं, सरांना पाठवलं. सरांनी लिहिलं, 'फार सुंदर आहे. पण हे मोजता येत नाही. परिशिष्टात टाकू.'

ती निघायच्या आदल्या दिवशी तुळसा म्हणाली, "उद्या वाटेक कालवांचा सुका करून देतंय. गाडीत खा."

"नको काकी. इतकं लांब कुठे जाणार तुम्ही?"

"जाऊचा नाय लांब. बाजारात जातंय."

मालवणच्या बाजारात मासळीच्या ओळीत खाडीपलीकडच्या गावाची एक बाई वाटे लावून बसली होती. तुळसा ह्याच ओळीत वर्षानुवर्षं पलीकडच्या बाजूला बसायची, भाव सांगायची, घासाघीस करणाऱ्या बायकांना टोमणे मारायची. आज ती ह्या बाजूला उभी राहिली आणि आपण आता काय म्हणायचं असतं, ते तिला सुचेना. तिने नुसतं एका वाट्याकडे बोट केलं. भाव केला नाही.

विकणारी खूश झाली. पानात कालवं बांधता बांधता तिने वर पाहिलं. "खंयची गो तू?"

"तारवळची."

"तारवळची?" बाईचा हात थांबला. "आणि विकत घेतंस? तुमच्याकडे कालवा नाय?"

"आसत," तुळसा म्हणाली, आणि पान हातात घेतलं.